तार सुटली, पण पक्की वही कुणाकडे?

१९९४ साली टाइमेक्स या अमेरिकी कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या साथीने ‘डेटालिंक’ नावाचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. संगणकात भरलेले फोन नंबर, भेटीच्या वेळा, वाढदिवस या घड्याळात उतरवता येत, आणि त्यासाठी कुठलीही तार जोडावी लागत नसे. संगणकासमोर बसायचं, मनगट पडद्यापुढे साधारण फूटभर अंतरावर धरायचं आणि आज्ञा द्यायची. पडद्यावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या लुकलुकू लागत. घड्याळात एक बारीक प्रकाशसंवेदक बसवलेला होता. तो त्या लुकलुकीतून एक आणि शून्य वाचत जाई.

त्या काळचे पडदे काचेच्या नळीचे. नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ उजळत उतरे, त्यामुळे कुठल्या क्षणी कुठली ओळ पेटणार हे प्रोग्रॅमला नेमकं ठाऊक असे. सगळी युक्ती यावर उभी होती. लॅपटॉपच्या सपाट पडद्यावर ती चालेना, तेव्हा लॅपटॉपवाल्यांसाठी लाल दिवा असलेलं एक छोटं जोडउपकरण वेगळं विकावं लागलं. नासाने अंतराळप्रवासासाठी मान्य केलेल्या मोजक्या घड्याळांमध्ये डेटालिंकचा नंबर लागला, तरी आज त्याची आठवण निघते ती गंमत म्हणूनच.

मला ते गंमत वाटत नाही. बिनतारी सिंकचा पुढचा सगळा इतिहास ज्या प्रश्नावर अडखळत चालला, तो प्रश्न या घड्याळाने सफाईने टाळला होता. माहिती एकाच दिशेने जात होती. संगणकाने सांगायचं, घड्याळाने ऐकायचं. घड्याळावर कुणाचा नंबर बदलायची सोयच नव्हती, मग मतभेद कसला होणार? हातातल्या यंत्रावरही लिहिता येऊ लागलं तेव्हा खरी अडचण सुरू झाली. पेढीवर कच्ची वही आणि पक्की वही अशा दोन वह्या असतात, आणि दोहोंत फरक निघाला तर पक्की वही खरी मानायची, हा नियम मुनीमजीला कुणी शिकवावा लागत नाही. हातातलं यंत्र आणि टेबलावरचा संगणक यांच्यात पक्की वही कुठली, हे मात्र कुणी ठरवलेलंच नव्हतं.

सुरुवातीला तर हा प्रश्न विचारण्याइतकीही मजल गेली नव्हती, कारण तारच धड लागत नव्हती. लंडनच्या सायन कंपनीचा ऑर्गनायझर १९८४ सालचा. पुढे शार्पचा विझार्ड आला, १९९१ मध्ये सायनचा सीरीज थ्री आला. ही यंत्रं आपापल्या जागी उत्तम होती. पण त्यांना संगणकाशी जोडायचं म्हणजे केबल वेगळी विकत घ्या, फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम चढवा, संगणकाचा कुठला पोर्ट मोकळा आहे ते शोधा, दोन्हीकडे वेग सारखा जुळवा. एवढं करून जे होई ते फाइल उतरवणं. सिंक त्याला म्हणता येत नाही. १९९३ साली अॅपलने न्यूटन आणला. हस्ताक्षर वाचण्याच्या त्याच्या चुकांवर अमेरिकेत व्यंगचित्रं निघाली, ती सर्वांना आठवतात. पण संगणकाशी जोडायचा संचही न्यूटनसोबत येत नव्हता, तो वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी आणखी एक यंत्र आपटलं. जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये काढलेली पाम कॉम्प्युटिंग ही छोटी कंपनी, कॅसिओ आणि टँडी यांनी मिळून केलेलं ‘झूमर’ हे ते यंत्र. मंद, जाडजूड आणि महाग. पण आपटल्यावर पामच्या लोकांनी एक शहाणपणाचं काम केलं: ज्यांनी झूमर विकत घेतला होता त्यांनाच जाऊन विचारलं, की तुम्ही याचं करता काय? उत्तरं ऐकून त्यांच्या डोक्यातलं चित्र पालटलं. या माणसांकडे संगणक आधीच होता. त्यांना खिशात दुसरा संगणक नको होता, खिशातल्या कागदी डायरीची जागा घेणारं आणि टेबलावरच्या संगणकाशी जुळून राहणारं काहीतरी हवं होतं. स्पर्धा संगणकाशी नाही, कागदाशी आहे, हे हॉकिन्स यांना इथे उमगलं.

मग त्यांनी लाकडाचा एक ठोकळा शर्टाच्या खिशात मावेल असा कापला आणि तो घेऊन ते हिंडू लागले. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा, लेखणी म्हणून हातात धरलेल्या काडीने त्यावर टकटक करायची, जणू काही नोंद होते आहे. तो ठोकळा आज कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात आहे. या गोष्टीचा अलीकडे फार उदोउदो होतो. डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची असते. खिशात काय मावतं एवढं ठोकळ्याने सांगितलं, हे खरं. पण पाम तरली ती ठोकळ्यामुळे नव्हे, ज्यात खरं यंत्र पुढे ठेवलं गेलं त्या खाचेमुळे.

पैशाअभावी १९९५ साली हॉकिन्स आणि कंपनीच्या मुख्याधिकारी डॉना डुबिन्स्की यांनी पाम विकली. मोडेम बनवणाऱ्या यू.एस. रोबोटिक्सने ती ४ कोटी ४० लाख डॉलरना घेतली. मार्च १९९६ मध्ये पायलट १००० आणि पायलट ५००० विक्रीला आले. किंमत २९९ आणि ३६९ डॉलर. धाकट्यात १२८ किलोबाइट स्मृती, थोरल्यात ५१२. दोन छोट्या ट्रिपल-ए बॅटऱ्यांवर ते आठवडेच्या आठवडे चाले. आणि खोक्यातच, वेगळे पैसे न घेता, एक पाळणा दिलेला असे. तोच तो क्रेडल. त्याची तार संगणकाच्या मागे एकदा जोडली की विषय संपला. पायलट पाळण्यात ठेवायचा आणि पाळण्यावरचं एकुलतं एक बटण दाबायचं. या बटणाचं नाव हॉटसिंक. यंत्र झोपलेलं असेल तर जागं होई, संगणकावरचा प्रोग्रॅम आपसूक पुढे येई, बारीक सूर वाजत आणि थोड्या वेळात दोन्हीकडच्या नोंदी सारख्या होत. पहिल्या दीड वर्षात असे दहा लाखांच्या घरात पायलट खपले.

बटण एक होतं म्हणून मागचं काम सोपं होतं असं नाही. पायलटमधल्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक होता आणि एक खूण होती: मागच्या हॉटसिंकनंतर ही नोंद बदलली की नाही. बदलली असेल तरच ती पाळण्यातून पलीकडे जाई. सगळी डायरी दरवेळी न उतरवता पाच-सहा बदललेल्या ओळीच तेवढ्या गेल्या, तर मंद तारेवरूनही काम सेकंदांत उरकतं. नोंद पुसण्यातही असाच विचार होता. पायलटवर कुणाचा पत्ता पुसला, तर तो दिसेनासा होई, पण ‘हा पुसला आहे’ एवढी खूण पुढच्या हॉटसिंकपर्यंत शिल्लक राही. ती ठेवली नसती तर संगणकाला वाटलं असतं की हा पत्ता माझ्याकडे आहे आणि याच्याकडे नाही, म्हणजे नवा असणार; आणि त्याने तो इमानेइतबारे पुन्हा पायलटमध्ये टाकला असता. सिंकचं नवं सॉफ्टवेअर लिहिणारे आजही या खड्ड्यात पडतात. पुसलेली माणसं पुन्हा पुन्हा उगवतात.

अडचण यायची ती घर आणि कचेरी अशा दोन संगणकांवर दोन पाळणे असले की. घरी हॉटसिंक केलं की खुणा पुसल्या जात. मग कचेरीच्या संगणकाला त्या खुणांवर विश्वास ठेवता येत नसे. अशा वेळी पाम निमूटपणे लांबची वाट धरी: प्रत्येक नोंद, एकेक करून, मागच्या खेपेच्या प्रतीशी ताडून पाही. वेळ लागे, पण चूक होत नसे. आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल तर? तर पामने न्यायनिवाडा करायचं सरळ नाकारलं होतं. दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवायच्या आणि माणसाला सांगायचं, तूच बघ बाबा. एकाच माणसाचे दोन-दोन पत्ते झाल्याबद्दल वापरणारे कुरकुरत. मला हा निर्णय अतिशय प्रामाणिक वाटतो. ज्या गोष्टीचं उत्तर यंत्राला ठाऊक असूच शकत नाही, तिथे त्याने ते बनवून सांगितलं नाही.

हा विचार पामच्या आधीचा आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘कोडा’ नावाच्या फाइलव्यवस्थेवर काम करत होते. आयआयटी मद्रासमधून तिकडे गेलेल्या सत्यनारायणन यांचा आग्रह असा, की नेटवर्क तुटलं म्हणून माणसाचं काम थांबता कामा नये. त्याला आपल्या प्रतीवर लिहू द्यावं आणि जोडणी परत आली की मेळ घालावा. क्वचित भांडण लागलं तर तेव्हा बघू. पायलट याच घराण्यातला. खिशातली प्रत संपूर्ण असते आणि ती नेटवर्कवाचून जगते.

आपल्याकडे खेडोपाडीच्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट वर्षानुवर्षं हेच करत आले. सकाळी शाखेत जाऊन हातातल्या यंत्रात खातेदारांची यादी भरून घ्यायची, दिवसभर दुकानोदुकानी रक्कम गोळा करून तिथल्या तिथे पावती छापून द्यायची आणि संध्याकाळी यंत्र पुन्हा शाखेच्या संगणकाला जोडायचं. एसटीच्या वाहकाचं तिकीटयंत्रही पाळी संपली की आगारात असंच रिकामं होतं. इथे पक्की वही कुणाची याबद्दल कुणाला शंका नसते. ती शाखेची, ती आगाराची. म्हणून ही व्यवस्था कटकटीवाचून चालते.

पामच्या यशात एक उणीव मात्र राहिली होती. पाळणा टेबलाला बांधलेला होता, आणि माणूस टेबलापासून दूर असतानाच तर त्याला पायलटची गरज पडे. तेव्हा ती तार तोडायची धडपड लागलीच सुरू झाली.

पहिला उमेदवार इन्फ्रारेड, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधला अदृश्य प्रकाश. त्यासाठी १९९३ मध्ये कंपन्यांची एक संघटना झाली, १९९४ मध्ये मानक ठरलं, आणि काही वर्षांत बहुतेक लॅपटॉपच्या कडेला काळसर लाल रंगाची एक खिडकी दिसू लागली. मार्च १९९८च्या पाम थ्रीलाही ती मिळाली. एकमेकांसमोर पाम धरून व्हिजिटिंग कार्ड ‘बीम’ करण्याचा सोहळा परिषदांमधून रंगू लागला. पुढे हॉटसिंकही इन्फ्रारेडवरून करता येऊ लागलं. पण मीटरभर अंतर, दोन खिडक्या समोरासमोर, मध्ये कपदेखील नको, आणि सिंक संपेपर्यंत हलवायचं नाही. तार नव्हती हे खरं, पण शिस्त तारेपेक्षा कडक होती.

मग १९९९ मध्ये पाम सेव्हन आला. वर उचलता येणारा अँटेना, आत रेडिओ, किंमत ५९९ डॉलर. अँटेना वर केला की रेडिओ सुरू. रेडिओला लागणारी वीज त्या दोन चिमुकल्या बॅटऱ्यांना झेपणारी नव्हती, म्हणून आत आणखी एक बॅटरी ठेवलेली होती आणि ती या दोघींकडून हळूहळू भरून घेई. बेलसाउथच्या मोबिटेक्स जाळ्यावरून बातम्या, विमानांच्या वेळा, शेअरचे भाव मिळत. महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये ५० किलोबाइट. आजच्या एखाद्या ‘सुप्रभात’च्या चित्राला तेवढी जागा पुरायची नाही. आणि या बिनतारी पामची डायरी सिंक कशी होई? पाळण्यात ठेवून, बटण दाबून. रेडिओ होता, पण त्यावरून भेटीच्या वेळा संगणकाशी जुळवायचा विचार त्या यंत्रात नव्हताच. मार्च २००० मध्ये पामचे शेअर बाजारात आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिचं मोल तिच्या मालक कंपनीपेक्षा, म्हणजे मध्यंतरी यू.एस. रोबोटिक्सला विकत घेतलेल्या थ्रीकॉमपेक्षा, जास्त ठरलं. बाजार या कंपनीला भविष्य समजत होता. भविष्य तोवर कॅनडात सुरू झालं होतं.

ओंटारिओ प्रांतातल्या वॉटरलू गावच्या रिसर्च इन मोशन या कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये ब्लॅकबेरी ही सेवा आणली. जाळं तेच, मोबिटेक्स. पण पाममध्ये अँटेना वर करून माणसाने माहिती मागायची होती. इथे यंत्र सतत कान देऊन असे आणि पत्र आलं की ते स्वतःहून खिशात येऊन पडे. काही वर्षांत कचेरीतल्या सर्व्हरवरून भेटींची डायरीही हवेतून जुळू लागली, मग पत्तेसुद्धा. पाळणा उरला तो चार्जिंगपुरता. हे खरं स्वयंचलित बिनतारी सिंक. पण त्यात एक बारीक अदलाबदल झाली होती, ती तेव्हा फारशी कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. हातातलं यंत्र आता टेबलावरच्या संगणकाशी बोलत नव्हतं. ते कंपनीच्या सर्व्हरशी बोलत होतं, आणि मध्ये रिसर्च इन मोशनची स्वतःची यंत्रणा होती. दुसऱ्याच्या यंत्रणेतून आपली पत्रं जातात तेव्हा सरकारलाही त्यात रस वाटू लागतो. २०१० मध्ये भारत सरकारने ब्लॅकबेरीला निर्वाणीची मुदत दिली, आणि पुढच्या वर्षी कंपनीने कायदेशीर तपासणीसाठी मुंबईत एक व्यवस्था उभारल्याची बातमी आली. पाळण्यातल्या पायलटची तपासणी करायला कुणाला घरी यावं लागलं असतं.

टेबलावरच्या संगणकाशीच, पण तारेवाचून बोलायचं, हा रस्ताही एकीकडे चालू राहिला. एरिक्सनने स्वीडनमधल्या लुंडमध्ये १९९४ मध्ये सुरू केलेल्या कामातून ब्लूटूथ निघालं. १९९८ मध्ये इंटेल, आयबीएम, नोकिया आणि तोशिबा त्यात सामील झाले. फेब्रुवारी २००० मध्ये नोकिया, आयबीएम, मोटोरोला, पाम, सायन आदी कंपन्यांनी सिंकएमएल हा समाईक करार मांडला, म्हणजे कुठलंही यंत्र कुठल्याही संगणकाशी एकाच भाषेत बोलेल. कागदावर तो देखणा होता. प्रत्यक्षात दर कंपनीची बोली वेगळी राहिली. जुलै २००२ मध्ये अॅपलने आयसिंक दाखवलं: सोनी एरिक्सनचा टी६८आय फोन खिशात, मॅक टेबलावर, आणि दोघांमध्ये ब्लूटूथ. माणसाने एक बटण दाबायचं, फोन खिशातून काढायचीही गरज नाही. कॅलिफोर्नियातल्या मार्क/स्पेस या छोट्या कंपनीने पुढे तेही बटण काढून टाकलं. त्यांच्या ‘मिसिंग सिंक’मध्ये अशी सोय होती, की फोन घेऊन माणूस संगणकाच्या टप्प्यात आला की सिंक आपोआप सुरू. बाहेरून आलात, खुर्चीवर बसलात, डायऱ्या जुळल्या.

या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत आवडलेला मुक्काम हाच. तार नाही, बटण नाही, आणि तरीही दोन्ही प्रती तुमच्या, तुमच्याच खोलीत. तो फार टिकला नाही. ब्लूटूथची जोडणी बेभरवशाची होती. वायफायवर वेग होता, पण तिथे सुरक्षेची भीती. मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्हसिंकमध्ये घरच्या वायफायवरून पॉकेट पीसी जुळवता येत असे; २००५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीतून कंपनीने सुरक्षेच्या कारणाने ही सोय चक्क काढून टाकली. लोक खवळले, पण कंपनीला एव्हाना दुसरीच दिशा दिसली होती: फोनने थेट एक्स्चेंज सर्व्हरशी जुळावं. नाव तेच ठेवलं, अॅक्टिव्हसिंक. घरचा संगणक मात्र त्यातून वगळला गेला.

ही दिशाही जुनीच. पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पार्कटॅब नावाचं तळहाताएवढं यंत्र बनलं होतं. खोल्यांच्या छतांना इन्फ्रारेडचे संवेदक, आणि प्रोग्रॅम सगळे दूरच्या संगणकावर. हातातलं यंत्र म्हणजे नुसती खिडकी, मग प्रती दोन होणारच कशा? ते इमारतीबाहेर निरुपयोगी होतं एवढाच दोष. मोबाइलच्या जाळ्याने सगळ्या जगालाच ते छत दिलं, तेव्हा पार्कटॅबचा विचार नव्या वेषात परतला. २००२ मध्ये डेंजर कंपनीचा साइडकिक आला. त्याची पक्की वही कंपनीच्या सर्व्हरवर असे. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक अँडी रुबिन. पुढे त्यांनीच उभ्या केलेल्या अँड्रॉइडचा पहिला फोन २००८च्या ऑक्टोबरमध्ये विक्रीला आला, तेव्हा त्याच्यासोबत संगणकावर चढवायचं सिंकचं सॉफ्टवेअरच नव्हतं. पत्ते आणि डायरी थेट गूगलच्या खात्यात.

आणि पाम? जून २००९ मध्ये पाम प्री आला. त्यात हॉटसिंक नव्हतं. जुनी माहिती एकदा उतरवून घ्यायला एक साधन दिलं होतं, त्यापुढे सगळं हवेतून. संगीतासाठी मात्र संगणक हवाच होता, आणि संगीत असे अॅपलच्या आयट्यून्समध्ये. तेव्हा पामने प्रीला आयपॉडचं सोंग घ्यायला लावलं. केबल लावली की प्री आयट्यून्सला सांगे, मी आयपॉड आहे. पामचे तेव्हाचे मुख्याधिकारी जॉन रुबिन्स्टाइन यांनी आधी अॅपलमध्ये आयपॉडचाच विभाग सांभाळला होता, हे लक्षात घेतलं की या सोंगातला खट्याळपणा कळतो. जुलैमध्ये अॅपलने आयट्यून्स बदलून ते उघडं पाडलं. पामने सोंग सुधारलं, अॅपलने पुन्हा पकडलं. पामने यूएसबीच्या मानकसंस्थेकडे तक्रार केली, तर सप्टेंबरमध्ये तिने पामलाच समज दिली. ज्या कंपनीने सिंक म्हणजे काय हे जगाला शिकवलं, तिच्यावर दुसऱ्याच्या सिंकमध्ये खोट्या नावाने शिरायची वेळ आली. २०१० मध्ये एचपीने तिला १.२ अब्ज डॉलरना घेतलं आणि ऑगस्ट २०११ मध्ये तिची यंत्रं बंद केली.

आयफोनला या काळात अजून केबल लागत होती. नवा फोन घेतला की तो आधी संगणकाला जोडल्याशिवाय सुरूच होत नसे. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या एका विद्यार्थ्याने आयट्यून्सचं सिंक वायफायवरून करणारं अॅप लिहिलं. अॅपलने ते आपल्या दुकानात घ्यायला नकार दिला. त्याने ते सिडिया या पर्यायी दुकानात ९.९९ डॉलरना विकायला ठेवलं. वर्षभरात पन्नास हजारांवर प्रती गेल्या. ६ जून २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी आयक्लाउड मांडलं. इतकी यंत्रं एकमेकांशी जुळवत बसणं वेड लावणारं झालं आहे, तेव्हा संगणकाला आता इतर यंत्रांच्या ओळीत खाली बसवतो, अशा अर्थाचं ते बोलले. त्याच कार्यक्रमात आयफोनच्या पुढच्या आवृत्तीत वायफाय सिंक येणार हेही सांगण्यात आलं. नाव त्या विद्यार्थ्याच्या अॅपचंच, आणि चिन्हही त्याच्या जवळ जाणारं. १२ ऑक्टोबर २०११ला ती आवृत्ती आली. फोन चार्जिंगला लावला, संगणक त्याच वायफायवर चालू असला, की सिंक आपोआप होऊ लागलं. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते अखेर घडलं, आणि त्याच दिवशी आयक्लाउडही सुरू झाल्यामुळे बहुतेकांना त्याची गरज उरली नाही.

पक्की वही दूर गेल्याने सोय झाली, यात वाद नाही. फोन हरवला तरी नंबर हरवत नाहीत, हे सुख थोडंथोडकं नव्हे. पण ऑक्टोबर २००९ मध्ये साइडकिकवाल्यांचं काय झालं तेही नोंदवायला हवं. डेंजर कंपनी तोवर मायक्रोसॉफ्टने विकत घेतली होती. सर्व्हर कोसळले आणि मोबाइल सेवा देणाऱ्या टी-मोबाइलने ग्राहकांना कळवलं, की तुमचे पत्ते, डायरी, छायाचित्रं बहुधा कायमची गेली. फोन बंद करू नका, बॅटरी काढू नका, अशी सूचना निघाली. कारण फोनमध्ये जे काही उरलं होतं ते चालू असेपर्यंतच होतं. पुढे बरीचशी माहिती परत मिळवण्यात यश आलं. पण काही दिवस हजारो माणसांकडे स्वतःची म्हणून एकही प्रत नव्हती. १९९६च्या पायलटची बॅटरी संपली तरी त्यातलं सगळं पुसलं जाई. फरक इतकाच, की त्याची दुसरी प्रत टेबलावरच्या संगणकात असे.

ती दुसरी प्रत आजही ठेवता येते. १९९५ मध्ये अॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी मिळून पत्त्यांसाठी व्हीकार्ड नावाची साधी मजकूर-फाइल ठरवली होती. ती पामने वाचली, ब्लूटूथने वाहिली, आणि तुमच्या हातातला फोनही ती जाणतो. संपर्कांच्या यादीत ‘एक्स्पोर्ट’ शोधा, सगळे नंबर एका व्हीकार्ड फाइलमध्ये उतरवा आणि वर्षातून एकदा तरी ती फाइल घरच्या संगणकावर ठेवा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. ते स्वयंचलित नाही, तुम्हालाच करावं लागेल.